पाठीला बांधलेला कॅन

माझ्या भावाची आठवीतली मुलगी मे महिन्यात शिरूरहून वरवंडला आमच्याकडे आली. “आठ दिवस नुसती खेळू दे तिला,” असं भाऊ फोनवर म्हणाला, तेव्हाच मला संशय आला. बॅगेतून नववीचं गणित निघालं. ते मी कपाटात टाकलं, तिला विहिरीवर नेलं आणि पोहण्यासाठी पाठीला रिकामा कॅन बांधला.

“आत्या, किती दिवसांत पोहता आलं पाहिजे?”

“न्हाई आलं तरी चालतंय.”

तिला ते पटलं नाही. “पप्पांनी माझ्यावर लक्ष ठेवायला सांगितलंय ना तुम्हाला?”

“व्हय. बुडू नये म्हणून.”

तीन दिवस ती पायरीवरच बसून राहिली. चौथ्या दिवशी म्हणाली, “आत्या, तिकडं तोंड करा.”

मी तोंड फिरवलं. कान मात्र पाण्याकडेच होते.