अकरा वाजताची चावी

चावीवाल्याची बायको गेली, त्याचं डोकं फिरलं आणि त्याने सूड म्हणून अख्ख्या गल्लीचं पाणी तोडलं, असं तुम्ही ऐकलं असेल. ही बातमी माझ्याच पायरीवरून निघाली, तेव्हा दुरुस्तही मीच करतो. पाणी तोडलं तेव्हा वहिनी जिवंत होत्या. आतल्या खोलीत पडून होत्या, आणि मी दारात उभा राहून ओरडत होतो.

चावीवाला म्हणजे पाणीखात्याचा माणूस. चौकातल्या खड्ड्यात उतरून कमरेएवढ्या लोखंडी चावीने व्हॉल्व्ह उघडायचे आणि बंद करायचे, हे त्याचं काम. आमच्या दोघांच्या घरांना मधली भिंत एकच. अंगाने काडी, कान सुपाएवढे. "तुझ्या कानातच पाणी साठवलं असतं, तर सरकारची एक टाकी वाचली असती," असं मी म्हणायचो. तो हसायचा नाही. पण कान कामाचे होते. लोखंडी कांबीचं एक टोक रस्त्यावर टेकवून दुसरं कानाला लावलं, की जमिनीखाली कुठे गळतंय ते तो अचूक सांगायचा. वीतभरही चूक नाही.

गेल्या वर्षी सरकारी योजनेतून गल्लीत नवी पाइपलाइन आली. चार महिने आम्ही खणलेल्या चरावरच्या फळीवरून घरात ये-जा केली. शेवटी चाचणीचा दिवस उजाडला. लाइनचे सगळे व्हॉल्व्ह उघडे ठेवायचे, टाकीच्या टोकाला पंपाने दाब भरायचा, आणि दोन तास दाबाच्या घड्याळाचा काटा खाली येतो का ते बघायचं. आला नाही तर एकही सांधा गळत नाही. खरं तर हे चर उघडा असताना करायचं. ठेकेदाराने चर आधीच बुजवून टाकला होता, त्यामुळे सगळी भिस्त त्या काट्यावर.

आता चावीवाल्याची गंमत बघा. सात वर्षं रोज अकराच्या ठोक्याला तो खड्ड्यात उतरून आमच्या गल्लीचा व्हॉल्व्ह बंद करायचा, म्हणजे वरच्या वस्तीला पाणी चढतं. त्या दिवशीही उतरला. जुना व्हॉल्व्ह बंद केला, आणि हात चालूच होता म्हणून शेजारचा नवाही केला, दाराला दोन कड्या लावाव्यात तसा. सव्वाअकराला पंप सुरू झाला. काटा खिळा ठोकल्यासारखा जागच्या जागी. टाळ्या, फोटो, सह्या. पाणीखात्याच्या साहेबांनी पेढे वाटावेत तसं सगळ्यांचं अभिनंदन केलं.

संध्याकाळी व्हॉल्व्ह उघडायला गेल्यावर त्याला कळलं. दाब चौकापर्यंतच आला होता. आमची गल्ली तपासलीच गेली नव्हती.

आणि तो गप्प बसला. दोनच दिवसांपूर्वी साहेबांनी त्याला नोकरीत कायम करण्याच्या कागदावर सही केली होती. त्याच साहेबांना कुठल्या तोंडाने सांगायचं?

आठ महिन्यांनी वहिनींचे डोळे पिवळे झाले. मग समोरच्या शिंप्याच्या मुलीचे, मग आणखी तीन घरांत. कावीळ. डॉक्टर म्हणाले, पाणी.

दुसऱ्या सकाळी चावीवाला गटाराशेजारी उकिडवा बसून कांब कानाला लावताना दिसला. मी म्हटलं, "काय रे, गटाराची नाडी बघतोस?" त्याने कांब वीतभर सरकवली, पुन्हा ऐकलं. मग खडूने रस्त्यावर फुली मारली, चौकात जाऊन गल्लीचा व्हॉल्व्ह बंद केला आणि चावी घरी घेऊन आला.

बादल्या घेऊन आम्ही त्याच्या दारात. सर्वांत पुढे अर्थात मी.

"पाणी सोड!"

"नाही सोडणार. रोज पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो आणि गटारातलं आत ओढतो. सोडलं की तेच तुमच्या नळाला येतं."

"तू कोण ठरवणार? खातं काय तुझ्या बापाचं?"

आतून वहिनींचा बारीक आवाज आला. "भावजी, ओरडून घसा सुकेल. घोटभर पाणी पिऊन जा, उकळलेलं आहे."

मी प्यायलो नाही. बादली घेऊन परत फिरलो, एवढंच.

दुपारी साहेब आले. "चावी दे."

"साहेब, चाचणीच्या वेळी व्हॉल्व्ह मीच बंद केला होता. गल्ली तपासलेली नाही. पुन्हा चाचणी घ्या."

साहेबांनी आधी आमच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "काटा हलला होता का?"

"नाही."

"मग कागदावर लाइन ठणठणीत आहे. ठणठणीत लाइन खणायला मंजुरी कुठून आणू?"

"माझी चूक कागदावर घ्या. मग मिळेल."

"नोकरी जाईल तुझी."

"घ्या कागदावर."

तिथेच, शिंप्याच्या मशीनवर कागद ठेवून, त्याने लिहून दिलं. आठ महिने गप्प बसलो, हेसुद्धा लिहिलं. ते कुणी विचारलं नव्हतं.

सहाव्या दिवशी फुलीच्या जागी खड्डा खणला. पाइपाच्या सांध्यात रबराची रिंगच नव्हती, आणि सांधा गटाराच्या काळ्या पाण्यात बुडालेला. रिंग बसवली, फोटो काढला, खड्डा बुजवला. मंजुरी एका खड्ड्याची होती. शिंप्याची मुलगी बरी झाली. वहिनी आठव्या दिवशी दवाखान्यात वारल्या. त्याच आठवड्यात चावीवाल्याला निलंबनाचा कागद आला. ठेकेदाराला पुढच्या गल्लीचं काम मिळालं.

आता चावी दुसऱ्याच्या हातात आहे. तरी हा रोज अकराला चौकातल्या झाकणापाशी जाऊन उभा राहतो. परवा मला राहवलं नाही. म्हटलं, "अरे, आता कसली राखण करतोस? नळाला पाणी आलं, लाइन दुरुस्त झाली. जा, घरी जाऊन पड जरा."

तो म्हणाला, "एक सांधा दुरुस्त झाला. उरलेल्या चाळिसांत काय आहे ते मला माहीत नाही, साहेबांना नाही, आणि तुला तर मुळीच नाही. पाणी उकळून पी."