हुंकारा कोणी दिला?

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी आजवर चहासोबत खारी खावी तसे वाचले. एखादा नवऱ्याला वाचून दाखवायचा, दोघांनी हसायचं... झालं. मी नर्सिंग शिकलेली, नवरा ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. आमच्या घरात भुताला राहायला जागाच नाही! तरीही आज लिहायला बसलेय. नवरा मागे उभा राहून वाचतोय, त्यामुळे मीठमसाला लावायची सोय नाही. घडलं तेवढंच सांगते.

आम्ही शहाद्याला राहतो. एका छोट्या संस्थेसाठी मी गरोदर बायका आणि त्यांच्या गावातल्या सोबतिणींसाठी ऑनलाइन कार्यशाळा घेते. दर बुधवारी दुपारी, जेवणं-भांडी आटोपल्यावर. धानोरा, म्हसावद, तापीकाठची दोन-चार गावं, आणि धडगावकडच्या काही सोबतिणी, ज्या नेटवर्कसाठी टेकाडावर जाऊन बसतात. विषय एकच — बाळंतपणातली धोक्याची लक्षणं वेळेत कशी ओळखायची.

ज्यांनी कधी ऑनलाइन ट्रेनिंग घेतलंय त्यांना माझं दुःख कळेल. स्क्रीनवर नुसते काळे चौकोन. "माझा आवाज येतोय का?" विचारलं की चिडीचूप. पोल घेऊन पाहिले, क्विझ घेतली, अंगठे दाखवायला सांगितले... छे! एकदा एकीचा माइक चुकून चालू राहिला तेव्हा कळलं, फोन गोठ्यातल्या खुंटीला आणि बाई म्हशीला पाणी पाजतेय. हजेरी मात्र फुल्ल! मी तासभर भिंतीशी बोलत होते.

हे हसण्यावारी नेलंही असतं. पण त्या चौकोनांत सरिता होती.

सरिता धानोऱ्याची. तिचं पहिलं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. आता दुसऱ्या खेपेला नववा लागला होता आणि बीपी वर सरकायला लागलं होतं. गोळ्या चालू होत्या, तपासणीलाही जायची. पण स्वभाव असा की दुखलं-खुपलं तरी तोंडातून चकार शब्द काढणार नाही. कधीही विचारा, "बरं शे, ताई" हेच. त्यामुळे तिच्यापर्यंत माझं बोलणं पोचतंय की नाही, याचा माझ्या जिवाला घोर होता. या वेळी तिचं बाळ तिच्या हातात यायलाच हवं होतं.

मग एक दिवस मला माझे वडील आठवले. ते पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्यात होते. संध्याकाळी कॉलनीतली पोरं गोळा करून गोष्टी सांगायचे, आणि त्यांचा एक नियम होता. कोणीतरी हुंकारा द्यायचा. प्रत्येक वाक्यामागे "हूं". हूं बंद पडला की गोष्टही बंद! "ऐकणारा झोपी गया, ते सांगणाराना काय काम?" म्हणायचे.

मी स्लाइड्स बाजूला ठेवल्या. गंगा नावाची एक बाई मनानेच उभी केली आणि तिच्या गरोदरपणाची गोष्ट दर बुधवारी थोडी थोडी सांगायला लागले. प्रत्येक वेळी एकीचा माइक चालू, तिने हुंकारा द्यायचा. बाकीच्या म्यूट. आणि काय सांगू... रंगच पालटला! "आज कोणाना हुंकारा?" असे सकाळपासून मेसेज यायला लागले. सरिताच्या शेजारची अलकाताई तर एकदा मध्येच माइक चालू करून म्हणाली, "ताई, त्या गंगाना नवराले काहीतरी अक्कल द्या ना!"

त्या बुधवारी हुंकारा सरिताकडे होता. नवरा केळीचा ट्रक घेऊन बाहेरगावी, सासू लग्नाला नंदुरबारला, सासरे शेतात — असं तिने सकाळीच कळवलं होतं. मी विचारलं, बरं आहे ना? ठरलेलं उत्तर आलं.

दुपारी गोष्ट सुरू केली. गंगाला नववा लागला, पायावर सूज आली. "हूं." चेहऱ्यावर पण सूज दिसायला लागली. "हूं." आवाज जरा जड वाटला. सर्दी झाली असेल म्हटलं. पण हुंकारा असा छान, की वाक्य संपायला आणि तो यायला एकच गाठ! माइकचं चिन्ह कोण बघत बसतं? मी रंगून सांगत होते. खरं सांगते, इतकं नीट कोणी ऐकतंय असं मला त्याआधी कधीच वाटलं नव्हतं.

"गंगाचं डोकं सकाळपासून ठणकत होतं."

"हूं."

"तिने कोणाला सांगितलं नाही."

"हूं."

"आणि मग गंगाच्या डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले..."

काहीच नाही.

मी थांबले. पुन्हा तेच वाक्य म्हटलं. शांतता. कोणीतरी माइक चालू करून चिडवलं, "सरिता, झोपी गई का वं?" दोघी-तिघी खुदकन हसल्या. मला मात्र हसू येईना. नेट गेलं असेल, असं म्हणून दुसरीला हुंकारा देता आला असता, पण जीभच रेटेना. मी म्हटलं, "अलकाताई, आत्ताच्या आत्ता सरिताकडे जा."

"देखी येस, ताई," म्हणून अलकाताई फोन हातात घेऊनच धावली. आम्हा सगळ्यांना स्क्रीनवर तिचे पाय, जमीन, मध्येच आभाळ दिसत होतं. पुढचं दार आतून लावलेलं. ती मागून शिरली.

"ओ माय! ताई, हाई पडेल शे! डोळा फिरायेल शेत, दात बसेल शेत!"

झटका आला होता. बीपीचा झटका, आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतणारा. मी एका फोनवरून अॅम्ब्युलन्स बोलावत होते आणि दुसरीकडे अलकाताईला ओरडून सांगत होते — डाव्या कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा नको, चप्पल नको, फक्त कुशीवर धरून ठेवा! अलकाताई रडत होती, पण हात सोडला नाही तिने. अॅम्ब्युलन्स लवकर आली, देवाची कृपा म्हणा. तिच्यात सरिताला चढवल्यावर मी लॅपटॉपकडे पाहिलं... एकही बाई कॉल सोडून गेली नव्हती. सगळ्यांचे कॅमेरे चालू होते. कोणी डोळे पुसत होतं, टेकाडावरच्या बायका हात जोडून बसल्या होत्या. मला तिथेच हुंदका फुटला.

संध्याकाळी फोन आला. सिझर झालं, मुलगी झाली. मुलगी रडली! दोन दिवसांनी सरिताही शुद्धीवर आली.

मी आणि अलकाताई भेटायला दवाखान्यात गेलो. मला बघताच सरिता ओशाळली.

"ताई, रागे भरू नका. त्या दिनले मन्हाघाई हुंकारा देवायना नही."

"अगं, शेवटी थांबलीस, पण तोवर तर..."

"नही ताई. सुरुवातपासूनच नही. जॉइन व्हयनू नि डोकं असं ठणकाले लागनं... मोबाइल उशाजोडे ठेवा नि आडी पडनू. माइक चालू करानाबी जीव व्हयना नही."

अलकाताईने कपाळाला हात लावला. "काय सांगस वं! सगळासनी ऐका तुन्हा हुंकारा! सर्दी व्हयेल सारखा जड आवाज व्हता!"

घरी येऊन नवऱ्याला रेकॉर्डिंग लावायला सांगितलं. सरिताच्या चौकोनावर माइक बंद असल्याची लाल खूण, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आणि हुंकारा? एकही नाही! मी वाक्य म्हणते, थांबते, मान डोलावते, कौतुकाने हसतेसुद्धा... आणि पुढचं वाक्य म्हणते. मध्ये नुसती शांतता. स्वतःला तसं बघताना माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

नवऱ्याने शास्त्र मांडलं. तुला हुंकाऱ्याची सवय झाली होती, म्हणून तुझ्या मनानेच ती जागा भरून काढली. मी म्हटलं, सगळ्या बायकांच्या मनाने? आणि जो नव्हताच तो हुंकारा सगळ्यांसाठी एकाच वाक्यावर बंद कसा पडला?

"कारण तू तिथे थांबलीस," तो म्हणाला.

"मग मी का थांबले?"

त्यावर त्याने रेकॉर्डिंग पुन्हा पहिल्यापासून लावलं.

बायकांनी आपापले अर्थ लावले. कोणी कुलदेवी म्हणालं, कोणी पहिलं बाळ. मी कशाला हो म्हटलं नाही, कशाला नाहीही म्हटलं नाही. कार्यशाळा चालू आहेत, हुंकारेही चालू आहेत. हल्ली मात्र माइकचं चिन्ह बघते.

परवा धानोऱ्याला गेले होते. मुलगी आता पालथी पडून पुढे सरकायला बघते, आणि सरिता, जिच्या तोंडून शब्द फुटायचा नाही, ती तिच्याशी अखंड बडबडत असते. मी सहज म्हटलं, "त्या दिवशी तू घरात एकटी होतीस, या विचाराने अजून माझी झोप उडते गं."

ती नवलाने बघायला लागली.

"एकली कोठे व्हतू, ताई? उशाजोडे कोणीतरी बसेल व्हतं. मन्हा डोकावर हात व्हता. माले वाटनं, सासू वापस उनी. मी ते पडेल व्हतू... तुम्हनी गोष्ट तेच ऐकी ऱ्हायनं व्हतं."

सासू त्या दिवशी अंधार पडल्यावर थेट दवाखान्यात पोचली होती, हे मला माहीत आहे. मी पोरीला उचलून मांडीवर घेतलं. चांगली जड झालीय, हात भरून येतात.