शुभदाचा पेन ड्राइव्ह

हे मी आजवर कुणाला बोलले नाही. आमच्या ह्यांना नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढेही हात जोडले की दुसरंच काहीतरी मागून उठत आले. तुम्हाला सांगते. पण जरा दमानं घ्या हं, मला एकदम मुद्द्यावर येता येत नाही.

आधी माझ्या डब्याबद्दल सांगू? तेवढं सांगू द्या, कारण त्याचा मला फार अभिमान आहे.

इथे गुजरातेत, तरसालीतल्या आमच्या घरात शिलाई मशीनच्या शेजारी एक काळा डबा आहे. त्याला सर्व्हर म्हणतात. म्हणजे घरातले सगळे फोटो, गाणी, व्हिडिओ, घराचे कागदसुद्धा एका जागी ठेवायचे, आणि ज्याला हवं त्याने आपल्या टीव्हीवर नाहीतर फोनवर बघायचं. मी सत्तरीला टेकलेली बाई, शिक्षण जुनी अकरावी — आणि हा डबा मी बनवला! विकत आणला नाही. गोरव्याला हे ज्या कारखान्यात होते तिथल्या ऑफिसातले जुने कॉम्प्युटर काढून टाकणार होते, त्यातला एक मागून आणला. शेजारच्या जसुबेनकडे एक बंद पडलेला होता, त्याची मेमरी काढली. शिलाई मशीनच्या ब्रशनं पंख्यातली धूळ काढली. हे पेपरामागून म्हणायचे, "लोक भंगार बाहेर काढतात, आमच्याकडे आत येतं."

पहिल्यांदा चालू केला तर तीनदा पीं पीं पीं करून गप्प. चार दिवस तसाच! गुजराती, हिंदी, मिळतील ते व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिले, इंग्रजी शब्द वहीत उतरवले. शेवटी कळलं, मेमरीची पट्टी खाचेत पुरती बसलीच नव्हती. अंगठ्यानं दाबली — टक्‌ — आणि पडद्यावर अक्षरं धावायला लागली. मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीनंच साखर खाल्ली.

लोक विचारतात, या वयात ही आवड कुठून लागली हो? मी हसते, म्हणते, वेळ जात नाही.

खोटं आहे ते. वेळ मला कधीच पुरला नाही.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हाही आमच्याकडे कॉम्प्युटर होता आणि घरात तो मला एकटीलाच येतो असं मी मिरवायची. घरच्या व्हिडिओ कॅसेटना बुरशी धरायला लागली, म्हणून मी त्या सगळ्या कॉम्प्युटरात उतरवून घेतल्या आणि कॅसेटा टाकून दिल्या. मुंजी, डोहाळजेवणं, संक्रांतीला गच्चीवर पतंग उडवतो ते उत्तरायण. सगळं एका डिस्कवर. मग एका दुपारी जागा करायची म्हणून मी काहीतरी दाबलं. एक चौकट आली, इंग्रजीत काहीतरी विचारत होती. मी वाचली नाही. वाचली नाही! 'हो' दाबलं. डिस्क कोरी झाली.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला आला. मी त्याला एवढंच म्हटलं, आपोआप गेलं. त्यानं पाहिलं न पाहिलं, म्हणाला, "वायरस हशे, मासी. कोईनी पेन ड्राइव लगावी'ती?"

लावली होती. माझी धाकटी जाऊ शुभदा, वाघोडियाला राहते, ती आदल्याच दिवशी भाचीच्या लग्नाचे फोटो घेऊन आली होती. कौतुकानं. मला दाखवायला.

मी 'हो' म्हणाले.

दोनच वेळा 'हो' म्हटलं बघा. पहिलं न वाचता म्हटलं. दुसरं? दुसरं अगदी नीट समजून.

घरभर झालं, शुभदाच्या पेन ड्राइव्हनं सगळं गेलं. ती बिचारी पांढरी पडली. सुरेश भाऊजी, म्हणजे माझे दीर, तिचा नवरा, ते मात्र खो खो हसले. "अहो वहिनी, व्हिडिओ गेला तर गेला, मी आहे ना! पुढच्या उत्तरायणाला परत पतंग कापतो, परत काढा!" तेव्हा ते खोटं इतकं हलकं होतं. एका वाक्यात मागे घेता आलं असतं. का नाही घेतलं? माझी हुशारी खाली आली असती, म्हणून. दुसरं काही कारण नाही.

मधल्या उत्तरायणाला व्हिडिओ काढायचा राहूनच गेला, आणि दीड वर्षात भाऊजी गेले. हृदयविकारानं, उभ्या उभ्या. तेराव्याला शुभदा मला म्हणाली, "वहिनी, फोटो पुष्कळ आहेत हो. आवाज नाही. तो मीच घालवला."

मी तिच्या पाठीवर हात फिरवला.

त्या दिवसापासून मी शिकायला लागले. ती पुसलेली डिस्क मी फेकली नव्हती. साडीच्या फॉलच्या डब्यात, तळाशी, रुमालात गुंडाळून ठेवली होती. पुढे कधीतरी कळलं की डिस्क अशी पुसली म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाटते. पानं आत राहतात, वर नवं काही लिहिलं नसेल तर. मी तिला हातही लावला नव्हता! पण वाचवायचं कसं ते यायला वर्षं गेली. डबा तयार झाला तेव्हा पहिल्यांदा तीच डिस्क जोडली. हजारो फायली निघाल्या, नावं नाहीत, नुसते आकडे. एकेक उघडत गेले. सतराव्या दिवशी आमची गच्ची दिसली.

या उत्तरायणाला सगळ्यांना बोलावलं. उंधियू-जिलेबी झाल्यावर टीव्ही लावला. भाऊजी पडद्यावर, गॉगल लावून, बोटांना पट्ट्या. "काप्यो छे! वहिनी, घेतलंत का हे? शुभे, फिरकी ढिली सोड गं, तुझ्या माहेरचा दोरा आहे का तो!"

मग शुभदा हसली. इतकी हसली, इतकी रडली, आणि पडद्याकडे बघून म्हणाली, "ढिलीच होती, तुम्हालाच ओढता येत नव्हतं!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ह्यांनी, भंगार म्हणणाऱ्या ह्यांनी, उभं राहून! परत लाव, परत लाव. पाच वेळा लावलं. माझ्या आयुष्यात इतकी छाती कधी फुगली नव्हती, आणि खरं सांगते, आजही आठवलं की फुगते.

मग मी चहा ठेवायला आत गेले, तर शुभदा मागून आली. माझे दोन्ही हात धरले. "वहिनी, माझ्या हातून गेलं आणि तुम्ही परत आणलंत. मला माफ केलंत ना?"

आणि मी म्हणाले — "अगं, मी ते केव्हाच विसरले."

मी तिला माफ केलं. मी! तिला!

डबा वाघोडियातूनही उघडावा अशी सोय मी गेल्या महिन्यात केली. त्यात शुभदाच्या नावाचा एक कप्पा आहे. रोज दुपारी जेवण झालं की ती फोनवर तो उघडते आणि भाऊजींचा पतंग बघते. ती आत आली की मला इथे दिसतं.

हे लिहून झालं की मी त्याच कप्प्यात ठेवणार आहे, व्हिडिओच्या वर. पहिलं तेच दिसेल. नाव साधं दिलंय, 'डिस्क मी पुसली होती'.

आता साडेबारा झालेत. ती जेवायला बसली असेल. डबा चालू आहे.