धुऊन दिलेलं कार्ड

अन्याय झाला तो कळंब्याच्या वाटेवरच्या आमच्या वस्तीतल्या आत्तीवर. २००४ साली, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी. धम्मचक्र दिनाच्या निळ्या पताका दारावर तशाच होत्या, तव्यावर भाकरी होती. जेसीबीनं दार, भिंत, चूल, सगळं एकदमच पाडलं. वर पाडणाऱ्या सरकारी कार्यालयानंच लिहून दिलं की त्या जागेवर घर नव्हतंच.

घर होतं. पाडायच्या आधी कार्यालयाची माणसं भिंतीवर लाल खूण मारून गेली, त्याच दिवशी मी आत्तीला दारात उभं करून फोटो काढले होते, उसन्या आणलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर.

कॅमेऱ्याला कार्ड नव्हतं म्हणून आधी राजारामपुरीत गेलतो. दुकानदारानं काचेवर ठेवली: एक मोठं, नाहीतर दोन लहान. मी म्हटलं, दोन लहान घेऊ, सगळे फोटो दोन्हींवर काढू. एक प्रिंटला द्यायचं, एक घरात राहील. संघटनेच्या पत्रकांचा गठ्ठा आम्ही धाडीच्या भीतीनं कधी एका घरात ठेवत नव्हतो, हे त्यातलंच. सोबत आलेले संघटनेतले थोरले दादा हसले.

"लढाय आलाईस का कार्डं बदलाय? द्या वो पावणं, मोठं द्या."

घर पाडल्याच्या तक्रारीवर कार्यालयात सुनावणी लागली. तिच्या आदल्या दिवशी दादांनी ते कार्ड स्टुडिओत टाकलं. रोल धुवायला टाकायचे, तसंच. सकाळी आणायला मी गेलो. आत्ती बाहेर रिक्षात बसून होती, रिक्षा चालूच.

स्टुडिओवाल्यानं दिलेल्या पाकिटात आत्तीचा चेहरा. मोठा, गोरा केलेला. मागं धबधबा.

"घर कुठाय?"

"कुठलं घर? मागं निस्ता पसारा हुता, काढून टाकला. म्हातारी कशी उठून दिसतीया बघा की!"

"बाकीचे फोटो?"

"काळे आलते. सोडले."

"कार्ड द्या."

"घ्या. धुऊन दिलंय. कोरं करकरीत."

रोलची निगेटिव्ह तरी परत मिळायची. इथं हातात नखाएवढं प्लास्टिक.

रिक्षात आत्तीनं फोटो डोळ्यांजवळ धरला. "ही कोण रं? म्या कधी गेलते धबधब्याला?"

कार्यालयात साहेबांनीही तो पाहिला आणि बोटानं बाजूला सारला. "दुसरं काही?" दुसरं काही नव्हतं. पुढची तारीख पडली.

स्टुडिओवाल्याला मी त्याच्या दुकानातच शिव्या दिल्या होत्या, अजून देतो. गरिबाचं घर म्हणजे पसारा, हे त्याला कुणी शिकवलं? कार्यालयालाही तेच वाटलं होतं. त्यांच्याकडं जेसीबी होता, एवढाच फरक.

तारखा अजून पडताहेत आणि आत्ती अजून भाच्याच्या पत्र्याखाली झोपते. तेव्हा ऐका. त्या दसऱ्याच्या आधी आमच्या वस्तीवरनं तुमची वरात गेली असेल, नव्या गाडीला हार घालून तिथं फोटो काढला असेल. जुनी कार्डं, सीड्या, अल्बम आजच बाहेर काढा. माणसं बघू नका, मागं बघा. आत्तीच्या घराचं निळं दार, शेजारी विजेचा मीटर. दिसलं की फोटो घेऊन या. आणि वाटेत कुठल्या स्टुडिओत देऊ नका.