जावयानं बांधलेला दोरा

दुपारचं जेवण झालं की मी वाकळ शिवायला बसते. माझी लेक शालन, तिच्या जुन्या पातळांची. सुईत काळा दोरा आहे. एक टाका घालते, डोळा मिटतो. उघडते, पुन्हा मिटतो. सुई कापडात शिरते ती वर येतच नाही, आणि समोर माझे जावई उभे आहेत. मेलेले दिनकरराव.

केसांत माती नाही. असणार कशी? घर पडलं ते माझ्या लेकीवर. जावई भूकंप मोजायच्या खोलीत कामाला, बाहेरच्या बाहेर वाचले. पुढं काविळीनं गेले, ते सोडा.

"या पाव्हणं. बसा. पाणी मिळायचं नाही."

"मामी, शालनला एकदा भेटू द्या."

माझ्या पाठीला दार आहे. मगाशी नव्हतं. आत भांडी वाजतायत. शालनच ती, आपटल्याशिवाय तिला घासताच येत नाही.

"आधी ते भूकंपाचे धक्के नीट लावून दाखवा, कुठला कुणाचा. मग बघू."

वाकळ आता गावामागचा डोंगर आहे. त्यावर ज्वारीचे दाणे सांडलेत. एक दाणा, एक धक्का. लांब पलीकडच्या खोऱ्यात लिंबाएवढा एक, आदल्या वर्षीचा मोठा भूकंप. जावई गुडघ्यांवर बसून पांढरा दोरा ओढतात.

"प्रत्येक धक्क्याच्या मागं बघायचं. जागेनं आणि वेळेनं त्याला जवळचा कोण? त्याला बांधायचं. बांधले गेले ते एका कुटुंबातले." दोरा पार त्या लिंबापर्यंत जातो. "मोठ्याला लांबचेही बांधतात, मामी. त्याचा पल्ला मोठा."

"मोठ्या घरचा म्हणून साऱ्या मुलखाची पोरं त्याच्या नावावर?"

"मला वाटलं, आपल्याकडचे हे बारके त्याच्याच मागून आलेले धक्के. विझत चाललेत."

"म्हणून अंगणात निजणाऱ्या माझ्या पोरीला घरात निजायला लावलंत. आणि आपण गेलात कामाला."

कुठंतरी यंत्राची सुई कागदावर खरडते आहे. आम्ही त्यांच्या खोलीत आहोत. दार मात्र माझ्या पाठीलाच.

"तोडा तो दोरा."

त्यांचा हात धजत नाही. मी वाकते आणि दातांनी तोडते. दाणे सुटतात, आपसूक सरकतात, एकमेकांना बिलगतात. सगळे आमच्याच डोंगरातले, सगळे नुकतेच. पलीकडच्या लिंबाशी एकाचंही नातं नाही.

"हे मागचे नव्हते," जावई म्हणतात. "पुढचे होते. ह्यांचा मोठा अजून यायचा होता."

"मोठ्यानं बोला."

"चुकलं माझं, मामी." ते उठतात, दाराशी येतात. "आता उघडा."

"बघू म्हटलं होतं. बघितलं."

आतनं शालन विचारते, "आई, कोण आलंय गं?"

जावई माझ्या तोंडाकडे बघतात. हात जोडलेले.

"कुणी नाही," मी म्हणते. "घास तू भांडी."

ऊन पायांवर आलंय. सुई बोटांत, तिच्यात काळाच दोरा. दातांत काहीतरी टोचतंय. ओढून काढते तर बोटभर पांढरा दोरा. माझ्या घरात पांढरं रीळ नाही.

चुलीत घालणार होते. पण जाळलं की जावई सुटले. उंबऱ्याबाहेरच्या खुंटीला बांधून ठेवलाय. बसू देत तिथंच, भांड्यांचा आवाज ऐकत.