दोन वेळा ट्रिगर दाबला

मशीन बंद पडलं की त्याला कारण असतंच, यावर माझं पोट चालतं. वाळूजला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे मी. भूतबित, बाहेरचं वगैरे ऐकलं की मला हसू यायचं... हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचून मला बावळट समजू नका.

फुलंब्रीजवळ रोडला लागून आमची शेती आहे. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, तिथंच राहतो; मी शहरातून सुट्टीला जातो. प्लॉटिंगवाल्यांना जमीन विकायला आम्ही नकार दिला, तेव्हा तोंडाला रुमाल बांधलेले दोघं बांधावर येऊन मला दम देऊन गेले. मी घाबरलो, खरंच घाबरलो. शस्त्र परवान्याचा अर्ज केला आणि भरपूर चपला झिजवल्यावर तो मिळाला.

दादाला हे अजिबात पटलं नाही. "त्यापरीस दोन कुत्री पाळ. भुंकतील तरी."

दुकानात मला पिस्तूल आवडलं होतं. चपटं, शर्टाखाली दिसत नाही. दुकानदार चाचांनी ते माझ्या हातातून काढूनच घेतलं. "गोली अटक गई तो? घबराहट में स्लाइड कौन खींचता? रिवॉल्वर लेव. एक नै चली तो फिर दबाव, दुसरी सामने. ये धोका नै देती." मेंटेनन्सवाल्याला पटेल असंच लॉजिक होतं. रिव्हॉल्वरच घेतली. कमरेला जड लागायची, पण शेतावर जाताना मी ती लावायचोच.

खंडेनवमीला वहिनींनी विळे-कोयत्यांच्या रांगेत तिलाही मांडलं. गोळ्या मी आधीच काढून ठेवल्या होत्या. हळद-कुंकू मात्र वहिनींनी अगदी सढळ हाताने वाहिलं.

त्यानंतरच्या रविवारी भर दुपारी, गोळ्या पुन्हा भरलेली रिव्हॉल्वर कमरेला लावून मी विहिरीजवळ उभा होतो. मक्यातून एक माणूस थेट माझ्या अंगावर पळत आला. तोंड पूर्ण बांधलेलं, हातात विळा. मी ओरडलो, तो थांबला नाही. मी छातीवर नेम धरला आणि ट्रिगर दाबला. टक! पुन्हा दाबला. टक!... तोवर तो मला येऊन धडकला, आम्ही दोघं खाली पडलो आणि टॉवेलातून आवाज आला —

"पळ लवकर! आग्या मोहोळ उठलंय!"

दादा होता.

आम्ही मोटारीच्या खोलीत शिरून दार लावलं. घरी आल्यावर वहिनींनी त्याच्या मानेतले काटे काढले.

दुसऱ्या दिवशी चाचांकडे गेलो. पूजेचं ऐकून ते आधी उखडलेच. "तुम लोगां हल्दी-कुंकू डालते, फिर बोलते चलती नै!" उघडून पाहिलं, तर आत कुंकवाचा कणही नाही. उलट दोन्ही गोळ्यांच्या बुडाला पिनचा ठोका खोल बसल्याची खूण. म्हणजे रिव्हॉल्वरने तिचं काम चोख केलं होतं. मग गोळ्याच खराब असतील, असं मी म्हटलं. चाचांनी मला नेमबाजीच्या रेंजवर नेलं आणि त्याच दोन गोळ्या त्याच रिव्हॉल्वरमधून चालवल्या. दोन्ही पहिल्याच दाबाला उडाल्या.

"एखादी दुसरे ठोके पे उडती," चाचा म्हणाले, "मगर दोनों? मैं तो नै देखा."

त्यानंतर ती मी कमरेला लावली नाही. कंपनीतल्या दोघा-तिघांना विचारून पाहिलं, योगायोग म्हणतात. असेल. मला मात्र अजून तो पटत नाही, आणि दुसरं कारणही सापडलेलं नाही...

ती टकटक दादानेही ऐकली होती, हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं. मका सोलताना, माझ्याकडे न बघता, तो म्हणाला —

"तोंड बांधलेलं व्हतं, मान्य. पर लहानपणापासून माझ्या मागं पळत आलास तू. माझं पळणं बी वळखू आलं नाय व्हय रं?"