धनराजभाऊचा दुपट्टा

एसटी फलाटाला लागायच्या आधीच खिडकीतून दुपट्टा आत फेकणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. ज्याचा दुपट्टा पडला, जागा त्याची. तो मग सावकाश खर्रा चघळत येतो, आणि लेकरू कडेवर घेतलेली बाई दांड्याला धरून उभी असते. चंद्रपूरच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात कम्प्युटर सांभाळणाऱ्या धनराजभाऊने हाच कायदा कम्प्युटरवर आणला. वर त्याला तो 'व्यवस्था' म्हणतो.

आमच्याकडे काही दणकट मशिनी एकत्र जोडलेलं सामाईक क्लस्टर आहे. आपापल्या ब्राउझरमधून त्यावर सेशन उघडायचं, प्रोग्राम लिहायचा, चालवायचा. सेशन म्हणजे एसटीतली सीटच, आणि सीटा मोजक्या. रिकामं पडलेलं सेशन थोड्या वेळाने आपोआप बंद व्हावं, अशी सोय त्यात मुळातच होती. पण एकदा विभागप्रमुख चहाला गेले आणि त्यांचं सेशन बंद झालं. त्यांनी धनराजभाऊला सगळ्यांसमोर झापलं. त्याच दिवशी या गड्याने ती सोयच काढून टाकली. तेव्हापासून सर लोक सेशन उघडून नागपूरला लग्नाला जातात, आणि पोरं जागा सुटायची वाट बघत बसतात.

धनराजभाऊ वाईट माणूस नाही, असं लोक म्हणतात. मी त्याच्या शेजारच्या टेबलावर बसते, मला विचारा. वाईट व्हायलासुद्धा थोडा कणा लागतो. ह्याला वरच्याचा फोन आला की हा खुर्चीतून उठून बोलतो.

दिव्यानी सिरोंच्याची, शेवटच्या वर्षाला. तेलुगू मिसळलेली तिच्या गावची मराठी ऐकून लिहून काढणारा प्रोग्राम ती तयार करत होती. दुपारी एका कंपनीची माणसं येणार होती. प्रोग्राम त्यांच्या पसंतीस उतरला तर नोकरी. सकाळपासून तिचं शेवटचं काम क्लस्टरवर चालू होतं. सगळ्या सेशनांत खरोखर काम करणारं तेवढं एकच होतं.

तेवढ्यात विभागप्रमुखांचा फोन आला. कंपनीच्या पाहुण्यांना दाखवायला त्यांना नवीन सेशन हवं होतं. जागा नव्हती. धनराजभाऊ घामेघूम झाला.

"सरांचंच जुनं बंद करा ना भाऊ," मी म्हटलं. "कालपासून रिकामं पडून आहे."

"कसं करू मॅडम? आत काही ठेवलं असन त? मलेच खातीन ते."

"मग कोणाचं बंद करता?"

"दिव्यानीचं. पोरगी हाय, पुन्हा सुरू करन."

"अवो, तिचं काम चालू आहे! सगळं जाईल!"

त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बटण दाबलं. बळी तो कान पिळी हे खरं, पण कान पिळायला दुसऱ्याचे हात भाड्याने लागतात, आणि ते हात आमच्या कॉलेजात धनराजभाऊ पुरवतो.

पाहुणे आले. त्यांच्यातल्या बाईंनी विचारलं, "इथे आत्ता काय चालू आहे?" पडद्यावर सगळ्या जागा भरलेल्या दिसत होत्या आणि काम एकाचंही चालू नव्हतं. प्रमुख उगाच हसले. दिव्यानीजवळ दाखवायला काही उरलं नव्हतं. पाहुणे तिला म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी ती कॉलेजात नसणार होती.

संध्याकाळी मी तिला एसटी स्टँडवर पोचवायला गेले. सिरोंच्याच्या गाडीला ही गर्दी. कुठून कोण जाणे, धनराजभाऊ धावत आला आणि त्याने खिडकीतून आपला दुपट्टा आत फेकला.

"दिव्यानी, बस. तुह्यासाठी सीट पकडली."

तोंडावर केवढं समाधान! मेल्याला वाटलं, फिटलं.

दिव्यानी आत चढली. सीटवरचा दुपट्टा तिने उचलला. मागे गाठोडं घेऊन उभ्या असलेल्या म्हातारीला तिथे बसवलं, आणि दुपट्टा खिडकीतून त्याच्या हातात दिला.

"घ्या भाऊ," ती म्हणाली. "इथी कोणीच बसलं नव्हतं."

गाडी सुटली. ती दांड्याला धरून उभीच होती.